समन्सबजावणी, परराज्यातील : सोलापूर सीमाभागाचा इतिहास

एका राज्याच्या न्यायालयाने काढलेले समन्स, नोटीस किंवा अन्य आदेशिका दुसऱ्या राज्याच्या हद्दीत राहणाऱ्या पक्षकारास अथवा साक्षीदारास रीतसर पोहोचविणे, ही आंतरराज्य न्यायसाहाय्याची प्राथमिक बाब होय. परदेशातील साक्षीपुरावा मिळविणे, तेथील न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी करणे आणि फरारी आरोपींचे प्रत्यर्पण या तिच्या पुढील पायऱ्या होत. समन्स काढणे हे सार्वभौम सत्तेचे कार्य असल्याने एका राज्याचा बेलिफ दुसऱ्या राज्यात जाऊन ते बजावू शकत नाही; त्यासाठी त्या राज्याची संमती लागते. दुसऱ्या बाजूने, प्रतिवादीला दाव्याची वार्ता न देता त्याच्याविरुद्ध निर्णय देणे हे नैसर्गिक न्यायास सोडून आहे. वादीची सोय, प्रतिवादीचा आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आणि परराज्याचे सार्वभौमत्व या तीन गोष्टींचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजेच या विषयाचा इतिहास होय. सोलापूर जिल्ह्याच्या सीमाभागात हा प्रश्न स्वातंत्र्यपूर्व काळी दैनंदिन व्यवहाराचा होता. तेथे ‘परराज्य’ समुद्रापलीकडे नसून कित्येकदा शेजारच्या गावाच्या शिवेपासून सुरू होत असे.

प्रादेशिक पार्श्वभूमी : वेळापूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील प्राचीन गाव. अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि यादव राजा रामचंद्राच्या काळातील शिलालेख यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मराठेशाहीच्या अस्तानंतर हा मुलूख सातारच्या छत्रपतींकडे राहिला. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झाल्यावर तो ब्रिटिश अंमलाखाली आला आणि माळशिरस तालुका १८७५ मध्ये सातारा जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला. या तालुक्याच्या पश्चिमेस फलटण संस्थान होते. दक्षिणेकडे औंध संस्थानचा आटपाडी महाल आणि त्याही पलीकडे जत संस्थान होते. जिल्ह्याच्या पूर्वेस अक्कलकोट संस्थान, तर ईशान्येस व पूर्वेस हैदराबादच्या निजामाचा विस्तीर्ण मुलूख पसरलेला होता. या मुलखास लोक ‘मोगलाई’ म्हणत. बार्शी तालुका बहुतांशी मोगलाईने वेढलेला होता. जिल्ह्याच्या अंतर्भागातही मोडनिंबसारखी मिरज संस्थानच्या ताब्यातील गावे होती.

या सीमा लोकव्यवहाराला फारशा जाणवत नसत. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ब्रिटिश हद्दीतील लोणंद सोडून तरडगाव, फलटण व बरड या संस्थानी मुक्कामांवरून नातेपुते, माळशिरस व वेळापूर या मार्गाने पुन्हा ब्रिटिश हद्दीतून पंढरपूरला जाई. सोयरीक, बाजारहाट, सावकारी व शेतीची भागीदारी हे व्यवहारही असेच सीमा ओलांडून चालत. मात्र या व्यवहारांतून तंटा उद्‌भवला, की कागदावरील सीमा एकदम प्रत्यक्षात येई. वेळापूरच्या सावकाराचा ऋणको पुणे जिल्ह्यात असल्यास त्याच्यावर समन्स बजावणे ही नित्याची बाब होती. परंतु तोच ऋणको फलटणास राहत असल्यास कायद्याच्या दृष्टीने तो परराज्यातील प्रतिवादी ठरत असे.

मराठेशाहीतील पद्धती : पेशवाईच्या काळात फिर्याद दाखल झाल्यावर सरकारातून जासूद किंवा ढालाईत यांच्याबरोबर प्रतिपक्षाला तलब पाठविली जाई. तलब घेऊन येणाऱ्याचा खर्च ज्याला बोलावले त्याच्याकडून वसूल करीत. त्यास ‘मसाला’ अशी संज्ञा होती. वादी व प्रतिवादी समोरासमोर आल्यावर जामीन घेऊन गोतसभेपुढे वा पंचायतीपुढे निवाडा होई. या पद्धतीत पक्षकाराची प्रत्यक्ष हजेरी आणि निवाडा मानण्याची त्याची पूर्वसंमती यांना मोठे महत्त्व होते. पुढील काळात परराज्यातील हुकूमनाम्यांच्या वैधतेची कसोटीही प्रतिवादीची अधिकारितेला संमती हीच ठरली, हे लक्षणीय आहे. निजामाच्या मुलखात मराठ्यांना चौथाई व सरदेशमुखी मिळत असल्याने अनेक ठिकाणी दुहेरी अंमल होता. त्यामुळे एका सत्तेच्या तलबेस उत्तर न देता दुसऱ्या सत्तेचा आश्रय घेण्यास पक्षकारास वाव राही.

ब्रिटिश काळ : मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी न्यायदानाची घडी बसविली. त्यानंतर १८५९, १८७७ व १८८२ या वर्षांच्या दिवाणी प्रक्रिया संहिता होऊन अखेर १९०८ ची संहिता अस्तित्वात आली. अनेक दुरुस्त्यांसह ती आजही अंमलात आहे. या संहितेच्या मूळ व्याख्येनुसार ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील आणि तेथे कोणताही अधिकार नसलेले न्यायालय हे ‘परकीय न्यायालय’ होय. या व्याख्येमुळे फलटण, औंध, अक्कलकोट व हैदराबाद येथील न्यायालये लंडन-पॅरिसच्या नव्हे, तरी परकीय न्यायालयांच्याच वर्गात मोडत.

संहितेच्या पाचव्या आदेशाने परराज्यातील प्रतिवादीस समन्स पोहोचविण्याचे दोन मुख्य मार्ग घालून दिले. पहिला मार्ग टपालाचा होता (नियम २५). प्रतिवादीचा ब्रिटिश हद्दीत मुख्त्यार नसल्यास त्याच्या पत्त्यावर समन्स टपालाने पाठविता येई. दुसरा मार्ग पोलिटिकल एजंटाचा अथवा अधिसूचित संस्थानी न्यायालयाचा होता (नियम २६). संबंधित अधिकाऱ्याने वा न्यायालयाने बजावणी झाल्याचा शेरा मारून समन्स परत पाठविले, की तो शेरा बजावणीचा पुरावा मानला जाई. याउलट संस्थानी न्यायालयांची समन्से ब्रिटिश हद्दीत बजावण्याची तरतूद कलम २९ मध्ये होती. अक्कलकोट संस्थानाच्या बाबतीत सोलापूरचा कलेक्टर, तर फलटण व औंध यांच्या बाबतीत सातारचा कलेक्टर हाच दीर्घकाळ पोलिटिकल एजंट होता. १९३३ मध्ये दख्खन संस्थानांची स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले. तोपर्यंत जो अधिकारी जिल्ह्याचा मुलकी प्रमुख, तोच शेजारच्या राज्याशी व्यवहार करणारा प्रतिनिधी, अशी स्थिती होती.

हैदराबाद संस्थानाची गोष्ट वेगळी होती. तेथे स्वतंत्र रेसिडेंट होता, स्वतंत्र कायदे होते आणि न्यायालयांची भाषा उर्दू होती. सोलापुरातील मराठी वादपत्र व समन्स नळदुर्ग वा तुळजापूर भागात बजावायचे म्हणजे भाषा, लिपी व अधिकारपरंपरा या तिन्ही सीमा ओलांडणे होते. आणि तेही दोन्हीकडचे पक्षकार मराठीच बोलत असताना. औंध संस्थानात याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग झाला. तेथील १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींना न्यायदानाचेही अधिकार दिले. अशा रीतीने वेळापूरपासून एका दिवसाच्या वाटेवर न्यायदानाच्या परस्परांहून अगदी भिन्न पद्धती नांदत होत्या.

हुकूमनाम्याचे बळ : समन्स पोहोचले म्हणजे काम संपले असे नाही. दाव्याचे कारण ज्या ठिकाणी घडले, तेथील न्यायालयात परराज्यातील प्रतिवादीविरुद्धही दावा लावता येतो (कलम २०). तो गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. हा हुकूमनामा देणाऱ्या राज्याच्या हद्दीत तो वैध असतो; परंतु प्रतिवादीची मालमत्ता दुसऱ्या राज्यात असेल, तर तेथे त्याचे बळ काय, हा खरा प्रश्न होता. संस्थानी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची ब्रिटिश हद्दीत अंमलबजावणी करण्यासाठी प्रत्येक संस्थानाबाबत स्वतंत्र अधिसूचना लागे (कलम ४४), आणि ब्रिटिश न्यायालयांचे हुकूमनामे संस्थानांत बजावणे हे त्या त्या संस्थानाच्या कायद्यावर अवलंबून असे. अशी परस्परता नसेल, तर परकीय निर्णयाच्या आधारे नवा दावा लावणे एवढाच उपाय उरे. अशा दाव्यात कलम १३ अन्वये परकीय निर्णयाची तपासणी होई. योग्य अधिकारिता नसणे, गुणावगुणांवर निर्णय न होणे, नैसर्गिक न्यायाचा भंग, कपट इ. कारणांवरून असा निर्णय अमान्य करता येतो.

या संदर्भात प्रिव्ही कौन्सिलचा १८९४ चा फरीदकोट संस्थानासंबंधीचा निर्णय पायाभूत मानला जातो. संस्थानाची नोकरी सोडून झिंद संस्थानात परतलेल्या खजिनदारावर फरीदकोटच्या न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामे दिले होते व त्यांच्या आधारे लाहोर येथे दावे लावण्यात आले. जो प्रतिवादी दाव्याच्या वेळी त्या राज्यात राहत नव्हता आणि ज्याने तेथील अधिकारितेला कोणत्याही प्रकारे मान्यता दिली नव्हती, त्याच्याविरुद्धचा व्यक्तिलक्षी हुकूमनामा आंतरराष्ट्रीय दृष्ट्या शून्यवत आहे, असे लॉर्ड सेलबोर्न यांनी प्रतिपादिले. म्हणजे समन्सबजावणी आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. परराज्यात समन्स हाती पडल्यामुळे प्रतिवादीवर तेथे जाऊन उत्तर देण्याचे बंधन आपोआप येत नाही. सीमाभागातील सावकार व व्यापारी यांना या तत्त्वाची झळ बसत असे. मोगलाईतील गिऱ्हाइकाला उधारीवर माल देणाऱ्या सोलापूरच्या व्यापाऱ्यास आपल्या जिल्ह्यात हुकूमनामा मिळे. पण गिऱ्हाइकाचे घर व जमीन सीमेपलीकडे असल्यास तो हुकूमनामा तेथे निरुपयोगी ठरण्याचा धोका असे. मुदतीच्या कायद्याने धनकोस थोडा दिलासा दिला होता. प्रतिवादी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर असल्याचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला जाई. १९६३ च्या मुदत अधिनियमातही भारताबाहेरील वास्तव्याबाबत तशीच तरतूद आहे.

फौजदारी बाजू : फौजदारी प्रकरणांत समन्सापेक्षा अटक व प्रत्यर्पण यांना महत्त्व असते. हैदराबाद संस्थानाशी १८६७ मध्ये प्रत्यर्पणाचा करार झाला होता. १९०३ च्या प्रत्यर्पण अधिनियमाने पोलिटिकल एजंटाच्या वॉरंटावरून ब्रिटिश हद्दीतील आरोपीस संस्थानाच्या हवाली करण्याची सोय केली. रेल्वेमुळे या प्रश्नाला नवे वळण लागले. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० मध्ये पोहोचली व १८७१ पर्यंत ती निजामाच्या मुलखातून रायचूरला गेली. संस्थानी हद्दीतील रेल्वेच्या जमिनीवरील अधिकारिता ब्रिटिशांकडे सोपविलेली असे. पण तिची व्याप्ती किती, हा प्रश्न १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. हैदराबाद संस्थानातील शंकरपल्ली रेल्वे स्थानकावर एका संस्थानी प्रजाजनास सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटावरून अटक करण्यात आली होती. ही अधिकारिता रेल्वेच्या कारभाराशी संबंधित गुन्ह्यांपुरतीच मर्यादित आहे, असे ठरवून ती अटक बेकायदेशीर मानण्यात आली. प्रबळ सत्तेलाही परराज्याच्या हद्दीत संमतीच्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या तत्त्वाची दुसरी बाजू वि. दा. सावरकर यांच्या प्रकरणात दिसून आली. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात बोटीतून उडी टाकून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचलेल्या सावरकरांना फ्रेंच पोलिसाने ब्रिटिशांच्या हवाली केले. हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेल्या निर्णयात या कृतीतील अनियमितता मान्य केली. मात्र कैद्यास परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे ठरविले. रीतसर प्रक्रियेचा अभाव असला, की तिचे मोल व्यक्तीला द्यावे लागते, याचे हे ठळक उदाहरण होय.

संस्थानांचे विलीनीकरण व एकरूपता : ८ मार्च १९४८ रोजी फलटण, औंध, अक्कलकोट, जत इ. दख्खनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. वेळापूर व फलटण किंवा आटपाडी यांमधील कायद्याची सीमा अशा रीतीने नाहीशी झाली. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर भारतात आले. तथापि तेथे दिवाणी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९५१ पासूनच लागू झाली. म्हणजे राजकीय एकीकरणानंतरही सुमारे अडीच वर्षे सोलापूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या शेजारच्या जिल्ह्यांत प्रक्रियेचे कायदे वेगळेच होते. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. गोव्यात पोर्तुगीज प्रक्रिया संहिता मुक्तीनंतरही काही काळ चालू राहिली. भारतीय संहिता तेथे १५ जून १९६६ पासून लागू झाली.

या संक्रमणकाळातील जुन्या हुकूमनाम्यांचे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णयांत दिले. ग्वाल्हेरच्या सरदार शितोळे यांच्या प्रकरणात (१९६२) ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील रहिवाशांविरुद्ध दिलेला एकतर्फी हुकूमनामा हा परकीय न्यायालयाचा असल्याने अलाहाबाद येथे बजावता येणार नाही, असे ठरले. याउलट, बांकुडा येथील हुकूमनामा मध्य भारतातील मोरेना येथे बजावण्याच्या प्रकरणात (१९७१) असा निष्कर्ष निघाला, की देणाऱ्या न्यायालयाच्या कायद्यानुसार वैध असलेला हुकूमनामा मुळातच शून्य नसतो आणि दोन्ही प्रदेशांना एकच संहिता लागू झाल्यावर त्याची अंमलबजावणी होऊ शकते. सीमा पुसली गेली, तरी जेव्हा ती होती तेव्हा प्रतिवादीस लाभलेले संरक्षण सर्वच प्रकरणांत पुसले जात नाही, असा या दोन निर्णयांचा एकत्रित आशय होय.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था : यूरोपात हाच प्रश्न सोडविण्यासाठी डच विधिज्ञ टोबियास आसर यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये हेग येथे खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याची परिषद भरली. तिच्या १८९६, १९०५ व १९५४ च्या करारांनंतर १५ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यायालयीन कागदपत्रांच्या परदेशातील बजावणीविषयीचा करार झाला. तो १९६९ मध्ये अंमलात आला. या करारानुसार प्रत्येक राज्याने एक केंद्रीय प्राधिकरण नेमावयाचे असते. परराज्याकडून ठराविक नमुन्यात आलेली विनंती हे प्राधिकरण स्वीकारते, आपल्या कायद्यानुसार बजावणी करविते व तसे प्रमाणपत्र पाठविते. सार्वभौमत्वास वा सुरक्षिततेस बाध येत असेल, तरच विनंती नाकारता येते. प्रतिवादीचा पत्ता अज्ञात असल्यास हा करार लागू होत नाही.

भारत २००६ मध्ये या करारात सामील झाला व १ ऑगस्ट २००७ पासून तो भारताच्या बाबतीत अंमलात आला. विधी व न्याय मंत्रालय हे भारताचे केंद्रीय प्राधिकरण आहे. परदेशातून थेट टपालाने भारतात समन्स पाठविण्याच्या पद्धतीस भारताने हरकत नोंदविली असून विनंती व कागदपत्रे इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह असावीत, अशी अट घातली आहे. परदेशी पुराव्याविषयीचा १९७० चा हेग करारही भारतास २००७ पासून लागू आहे. याखेरीज संयुक्त अरब अमिरातींसारख्या काही देशांशी द्विपक्षीय करार झालेले आहेत. संहितेच्या कलम ४४ अ (१९३७) अन्वये अधिसूचित अशा ‘परस्पर व्यवहारी’ प्रदेशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची भारतात थेट अंमलबजावणी होते. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग इत्यादींप्रमाणे अमिरातींचा समावेश त्यात जानेवारी २०२० मध्ये झाला. अमेरिकेचा समावेश मात्र नाही. फौजदारी प्रकरणांतील परदेशी साहाय्याच्या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या आठव्या प्रकरणात आहेत. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालय हे प्राधिकरण आहे.

व्यवहारातील परिणाम : वेळापूरच्या एखाद्या बागायती जमिनीच्या वाटपाचा दावा माळशिरसच्या न्यायालयात दाखल झाला आणि एक भाऊ अमेरिकेत व दुसरा दुबईत असला, तर दोघांवरील बजावणीचे मार्ग वेगवेगळे होतात. पहिल्याची विनंती हेग कराराच्या नमुन्यात, तर दुसऱ्याची द्विपक्षीय करारानुसार जाते. मराठी वादपत्राचे इंग्रजी वा अरबी भाषांतर, अचूक पत्ता, प्रतींची संख्या आणि सुनावणीपूर्वी पुरेसा अवधी यांपैकी एक गोष्ट चुकली, तरी कागद परत येतात व दावा लांबतो. घाईने एकतर्फी निर्णय घेतल्यास तो पुढे रद्द होण्याचा धोका असतो. साक्षीदार परदेशात असल्यास दूरचित्रसंवादाने साक्ष नोंदविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाच्या एका प्रकरणात २००३ मध्ये मान्य केले. त्यामुळे पुराव्याचे काम काहीसे सुकर झाले आहे.

परदेशातून इकडे येणाऱ्या कागदपत्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पतीने परदेशी न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावावा आणि गावी राहणाऱ्या पत्नीच्या हाती केवळ इंग्रजीतील समन्स पडावे, असे प्रसंग स्थलांतराबरोबर वाढले. नेवाडातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट अधिवासाच्या खोट्या कथनावर आधारलेला असल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो अमान्य केला. १९९१ च्या निर्णयात त्याने आणखी पुढे जाऊन असे स्पष्ट केले, की वैवाहिक बाबतीत समन्स नुसते पोहोचणे पुरेसे नाही. प्रतिवादीस प्रत्यक्षात आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. परदेशात जाऊन दावा लढविण्याचे साधन जिच्यापाशी नाही, तिच्या गैरहजेरीस संमती मानता येत नाही.

फरीदकोटच्या खजिनदारास मिळालेले संरक्षण आणि या स्त्रियांना मिळालेले संरक्षण यांमागील तत्त्व एकच आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, पोलिटिकल एजंटाची जागा केंद्रीय प्राधिकरणाने घेतली आणि जासुदाची जागा टपाल व विद्युत्‌संदेश यांनी घेतली. तथापि दूर असलेल्या माणसाला ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध दिलेला निर्णय सीमेपलीकडे बळ पावत नाही, हा नियम कायम राहिला आहे. सीमाभागातील जुन्या व्यवहारांत तो ऋणकोच्या आडोशाचे साधन वाटला, तरी दुर्बल पक्षाच्या बाबतीत तोच न्यायाचा आधार ठरतो.